मधल्या दोन पिना

माझ्या वडिलांना पाच व्होल्टचा तिटकारा होता. कोराडीच्या वीजकेंद्रात त्यांनी उभी नोकरी स्विचयार्डात, म्हणजे वीज मोठ्या तारांवर चढते त्या आवारात, काढली. तिथले व्होल्टचे आकडे हजारांतच सुरू व्हायचे. वसाहतीत आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि वडील ती झटकत सांगायचे, की ह्या राखेच्या बदल्यात अर्धा महाराष्ट्र उजळतो. अशा माणसाच्या मुलीने पुढे हिंगण्याच्या एका कारखान्यात बिलं छापणाऱ्या हातातल्या मशीनची बॅटरी चार्ज करणारं सर्किट बनवावं, हे त्यांना कधी पचलं नाही. लोकांना माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, "मोबाईलचं काहीतरी करते." एकदा मला म्हणाले, "पाच व्होल्ट म्हणजे काही वीज आहे का वं? जिभेवर ठेवली तर मुंगी चावते, बस."

मीही काही कमी नव्हते. मला हे निवृत्त स्विचयार्डवाले म्हणजे जाड केबल आणि मोठा आवाज एवढंच वाटायचे. कपाटात हेल्मेट जपून ठेवणारे, दिवे गेले की चाळीस वर्षांपूर्वीच्या बिघाडाची गोष्ट सांगणारे. माझी चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात किती अक्कल भरलेली आहे हे ह्यांना कळणं शक्य नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पंधरा वर्षं आम्ही एकमेकांच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

निवृत्तीनंतर वडील सक्करदऱ्याला राहायला आले. तिथल्या विहाराची एक समिती आहे. दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात, तेव्हा ही समिती रस्त्याकडेला तीन दिवस मंडप टाकून जेवण देते. आमचे आजी-आजोबा छप्पन साली त्या मैदानात उभे होते. त्यामुळे आमच्या घरात ते तीन दिवस कोणी सुट्टी मागत नाही, घेऊनच टाकतो. एका वर्षी मात्र माझ्या कारखान्यात एक मोठी ऑर्डर अडकली होती आणि पहिल्या दिवशी मला कामावर जावं लागलं.

त्या वर्षी वडिलांना मंडपात भाजी-पोळी वाढण्याचा कंटाळा आला होता. "सगळे पोटच भरून राहिले," ते म्हणाले. "लोकांचे मोबाईल बंद पडून राहिले, ते कोण भरते?" आणि त्यांनी मोफत चार्जिंगचा टेबल लावायचं ठरवलं. समितीच्या अध्यक्षांना ही कल्पना फार आवडली. अध्यक्ष कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. कल्पना आवडली की ते बॅनर छापतात. टेबल दहा फुटांचा आणि बॅनर वीस फुटांचा निघाला. त्यात अध्यक्षांचा चेहरा एवढा मोठा होता की 'मोफत मोबाईल चार्जिंग' ही अक्षरं त्यांच्या खांद्यापाशी कशीबशी मावली होती.

वडिलांनी मला काही विचारलं नाही. विचारतील असं मला वाटलंही नव्हतं. दुकानांवर अक्षरं सरकणाऱ्या पाट्या असतात, त्यांच्या मागे पाच व्होल्टचा एक मोठा सप्लाय असतो, पत्र्याचा, जाळीदार. तसा चाळीस अँपिअरचा एक त्यांनी पाट्या बनवणाऱ्याकडून आणला. दहा फुटी फळीवर यूएसबीची चाळीस सॉकेट ठोकली. जाड तांबड्या-काळ्या वायरीने सगळी एका ओळीत जोडली. टाके सुबक, वायरी सरळ. आईने मला फोनवर सांगितलं, की आठ दिवस घरात जेवायलाही जागा नव्हती.

पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला कामावर वडिलांचा फोन आला.

"इकडं ये जरा," ते म्हणाले. "तुह्या डिपार्टमेंटचं काहीतरी आहे."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मदत मागण्याच्या इतक्या जवळ ते आयुष्यात कधी आले नव्हते. मी साहेबांना खोटं कारण सांगितलं, डिकीत सोल्डरिंगचं सामान टाकलं आणि निघाले. वाटेत मी खूश होते, हे कबूल करते.

मंडपात पोहोचले तर फळीवरची चाळीसही सॉकेट भरलेली होती आणि टेबलाभोवती वैतागलेली माणसं उभी होती. पुसदकडच्या एका बाई वडिलांसमोर फोन धरून उभ्या होत्या. "काका, दीड तास झाला," त्या म्हणत होत्या. "नऊ टक्के होते, आता अकरा झाले. पोरगं तिकडं गर्दीत गेलं. फोन बंद पडला तर मले ते सापडीन कसं?"

वाट पाहता पाहता गाणी लावून आणि पडदा उजळून ठेवला तर फोन जेवढं खातो, जेमतेम तेवढंच त्या फळीवरून त्याला मिळत होतं.

मी पिशवीतून माझा छोटा मीटर काढला. तो सॉकेट आणि केबलच्या मध्ये लावला की किती करंट जातो ते दिसतं. अर्धा अँपिअर. पुढच्या सॉकेटवर अर्धा. त्याच्या पुढच्यावरही अर्धाच. मी फळी उलटी करून पाहिली आणि मला हसू आलं. यूएसबीच्या सॉकेटमध्ये चार पिना असतात. कडेच्या दोन वीज नेतात, मधल्या दोन बोलण्यासाठी असतात. वडिलांनी कडेच्या दोन उत्तम जोडल्या होत्या आणि मधल्या दोन तशाच मोकळ्या सोडल्या होत्या.

"ह्या मधल्या काहून सोडल्या?" मी विचारलं.

"त्याच्यातून वीज जात नाही," ते म्हणाले.

"वीज जात नाही, बाबा. पण फोन त्यांच्यातूनच ओळखतो का समोर काय आहे."

सगळ्यांसमोर समजावून सांगायची संधी मी सोडली नाही. फोनच्या आत चार्जिंगची चिप असते. केबल लावली की ती लगेच वीज ओढत नाही. आधी चौकशी करते, की आपल्याला कोणी जोडलं. समोर कॉम्प्युटर असेल तर त्याच्याकडून अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त घ्यायचं नाही, नाहीतर त्याचं सॉकेट जळेल. समोर भिंतीतला चार्जर असेल तर दीड अँपिअर घ्यायला हरकत नाही. हे ओळखायचं कसं, तर भिंतीतल्या चार्जरमध्ये मधल्या दोन पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. चिप एका पिनेवर विजेचा थोडासा दाब देते आणि तो दुसरीवर परत येतो का ते पाहते. आला, तर भरपूर घेते. नाही आला, तर अनोळखी घरी आलेल्या पाहुण्यासारखी संकोचून अर्ध्या अँपिअरवर बसते.

"चाळीस फोन तुम्हाले परके समजून राहिले," मी म्हणाले.

पुसदच्या बाई म्हणाल्या, "मग जोडून टाका ना त्या."

मी जोडल्या. सप्लाय बंद केला, सगळ्यांना फोन काढायला लावले, फळी टेबलावर उताणी ठेवली आणि चाळीस सॉकेटांच्या मधल्या पिनांना कथिलाचा एकेक थेंब लावला. दीड तास लागला. उन्हाने मंडप तापला होता, लोक कुरकुरत होते आणि माझ्या मनात सारखं येत होतं, की ज्या माणसाने आठ दिवस वायरी सरळ करण्यात घालवले, त्याने पाच मिनिटं मला फोन केला असता तर. वडील शेजारी खुर्चीवर बसून माझे हात पाहत होते. एकदा फक्त म्हणाले, "कथिल जास्त लावून राहिली तू." मी पुढचं सॉकेट घेतलं.

फळी सरळ करून सप्लाय चालू केला. एकेकाला फोन परत लावायला सांगितलं. पहिल्या सॉकेटवर मीटर लावला. एक पूर्णांक चार. शेजारी उभ्या माणसाच्या फोनवर विजेचं चिन्ह मोठं झालं, तो "वा" म्हणाला. मी वडिलांकडे पाहिलं. ज्या नजरेने पाहिलं तिची मला आज लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

फोन जसजसे परत लागत गेले तसतसा माझ्या मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा उतरू लागला. पाचाचे चार पूर्णांक आठ झाले. फळीच्या शेवटच्या टोकाला साडेचारच्याही खाली, आणि तिथले फोन करंटही कमी घेत होते. वडील उठले आणि त्यांनी वायरीवर तळहात ठेवला.

"गरम होऊन राहिली," ते म्हणाले.

"होते थोडी," मी म्हणाले.

पुढच्या मिनिटात सप्लायने टिक असा आवाज केला आणि चाळीसही फोनांचं चार्जिंग एकदम थांबलं. सप्लाय परत चालू झाला, परत टिक, परत बंद. जास्त भार आला की स्वतःला तोडून घ्यायची सोय त्याच्यात होती, आणि तो तेच इमानाने करत होता.

त्याच वेळी अध्यक्ष एका फोटोवाल्याला घेऊन आले. त्यांना सगळ्या पडद्यांवर उजेड हवा होता. "एकही फोन चालू दिसत नाही," ते म्हणाले. "असं कसं? फोटोत काय दिसेल?" मग त्यांनी फोटोवाल्याला फळी वगळून फक्त बॅनर आणि स्वतःला घ्यायला सांगितलं. तो निघून गेल्यावर ते वडिलांना म्हणाले, की पुढच्या वर्षी हे काम एखाद्या जाणत्या माणसाला देऊ. मी तिथेच उभी होते. फळी बंद पाडणारी मीच आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

पुसदच्या बाईंनी केबल ओढून काढली. "पयले हळू होत होतं," त्या मला म्हणाल्या. "आता तेही नाही." आणि त्या गर्दीत गेल्या. त्यांना त्यांचा मुलगा सापडला की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

वडिलांनी सप्लायचा प्लग काढला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. मला वाटलं, आता पंधरा वर्षांचं सगळं एकदम निघेल. पण त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्याचं एक झाकण फाडलं.

"मी घरी एक फोन लावून पाह्यला होता," ते म्हणाले. "अर्धा अँपिअर घेत होता. चाळीस फोनाचे झाले वीस. मी वायर घेतली वीसच्या हिशोबानं, सप्लाय घेतला दुप्पट. तू एका फोनाले दीड दिलं. चाळीसाचे किती झाले?"

"साठ," मी म्हणाले.

"सप्लाय केवढ्याचा?"

"चाळीस."

पाचवीतल्या मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं आणि पाचवीतल्या मुलासारखं मी उत्तर दिलं. चिपच्या पोटातली अक्कल मला पाठ होती. सप्लायवर ठळक अक्षरांत छापलेला आकडा मी वाचला नव्हता. वायर किती जाड आहे तेही पाहिलं नव्हतं. ज्या जाड केबलवाल्यांना मी आयुष्यभर हसत आले, त्यांच्यातल्या कुठल्याही फिटरने फळीला हात लावण्याआधी ही बेरीज केली असती.

मग त्यांनी मला खरा प्रश्न विचारला.

"शेवटच्या टोकाचे फोन कमी काहून घेत होते? तू तर सगळ्यांले सारखं जोडलं."

मी सांगितलं, की चिप येणाऱ्या व्होल्टेजवर सारखी लक्ष ठेवते. ते खाली यायला लागलं की समोरचा दमला असं समजून ती आपलं घेणं कमी करते. अजून खाली आलं तर अजून कमी.

वडिलांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ग्रिडवर भार वाढून फ्रिक्वेन्सी पडली का लोड कमी करायचा, तसं?"

"तसंच."

"स्वतःच करते? कोणाले न विचारता?"

"स्वतःच."

"आम्हाले त्याच्यासाठी दहा जागी फोन करा लागे," ते म्हणाले. "कोणी उचलायचं, कोणी नाही. तोवर लाईन गेली." त्यांनी जवळच्या एका माणसाचा फोन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, जणू त्याच्या पाठीवर काही लिहिलेलं असेल. तो माणूस घाबरून म्हणाला, "काका, माझा आहे."

पुठ्ठ्यावर त्यांनी नवीन हिशोब मांडला. सोळा सॉकेट जलद, दीड-दीडची. चोवीस हळू, अर्ध्या-अर्ध्याची. चोवीस अँपिअर आणि बारा अँपिअर मिळून छत्तीस. चार हाताशी. "जास्त खाणारे सप्लायच्या जवळ बसव," ते म्हणाले. "लांब नेशील तर वाटेतच सांडते." ते घरी जाऊन जुन्या केबलचा एक तुकडा घेऊन आले आणि सप्लायपासून फळीच्या दुसऱ्या टोकालाही वीज नेली. मी चोवीस सॉकेटांवरचे माझे कथिलाचे थेंब एकेक करून वितळवून काढले. लावण्यापेक्षा काढायला जास्त वेळ लागतो. संध्याकाळी पाचला फळी परत चालू झाली आणि मग एकदाही बंद पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर रजा घेतली. सकाळी पाहते तर अध्यक्षांनी बॅनरवर मार्करने 'फास्ट' असा शब्द वाढवला होता. त्यामुळे येणारा प्रत्येक जण जलद सॉकेट मागू लागला. वडिलांनी स्टूल मांडलं आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारू लागले, "गाडी किती वाजताची?" तासाभरात निघायचं असेल त्याला जलद, संध्याकाळी किंवा उद्या निघायचं असेल त्याला हळू. एक चांगल्या कपड्यांतला तरुण चमकदार फोन पुढे करून म्हणाला, "काका, ह्याचं चार्जिंग पासष्ट वॉटचं आहे. हळूवर नका लावू."

"पासष्ट वॉट त्याच्या चार्जरच्या डब्यात आले होते," वडील म्हणाले. "तो डब्बा घरी ठेवून आला का?"

"हो."

"मग पासष्ट वॉटही घरीच आहेत. गाडी कितीची?"

त्याची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. तो हळू सॉकेटला बसला, तोंड वाकडं करून. अध्यक्ष आपला फोन घेऊन आले तेव्हा वडिलांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. अध्यक्षांचं घर मंडपापासून चार गल्ल्यांवर होतं. ते सगळ्यांत शेवटच्या सॉकेटला गेले. मला त्या दिवशी एवढा आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा वडील आपणहून विचारत राहिले. ऐंशी टक्क्यांनंतर फोन कमी का घेतो? मी सांगितलं, की बॅटरी भरत आली की चिप मुद्दाम करंट कमी करत जाते, नाहीतर बॅटरी बिघडते. ते ऐकत होते. त्यांच्या प्रश्नांत खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि मला राहून राहून वाटत होतं, की ही माहिती मी त्यांना कुठल्याही रविवारी देऊ शकले असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फळी उतरवायला घेतली. सगळे फोन गेले होते, एक राहिला होता. काळा, काच तडकलेला, हळू सॉकेटवर. आम्ही तासभर वाट पाहिली. मग तो वाजला. वडिलांनी उचलला.

"माझा फोन आहे तो," पलीकडचा माणूस दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बोलत होता. "मी बसस्थानकावर आहे. गाडी लागली आहे."

"मग फोन इथं ठेवून तिथं काहून गेला तू?" वडील म्हणाले. "कोणता फलाट?"

मी स्कूटर काढली. वडील मागे बसले, फोन शर्टाच्या खिशात. गर्दीतून वाट काढत पंधरा मिनिटांत पोहोचलो. वाशीमची गाडी सुटायच्या बेतात होती. दारात पन्नाशीचा एक माणूस वाकून उभा होता. वडिलांनी फोन त्याच्या हातात दिला. त्याने आभार वगैरे काही मानले नाहीत. पडदा पेटवला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "नव्वदच टक्के? सकाळपासून लावला होता."

मी तोंड उघडणार होते. वडिलांनी हात आडवा केला.

"मोबाईलच्या आत एक चिप असते," ते त्याला म्हणाले. "शेवटचं ती मुद्दाम हळू भरते. बॅटरी खराब होऊ नये म्हणून."

"असं असते का?" तो माणूस म्हणाला, आणि त्याच्या आवाजात विश्वास अजिबात नव्हता.

"असं असते. तुले कोणी सांगितलं नसेल."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली तरी वडील तिच्याबरोबर चार पावलं चालत गेले आणि खिडकीतून त्याला मधल्या दोन पिनांबद्दल सांगत राहिले. बस फाटकाबाहेर वळली तेव्हा ते परत आले, स्कूटरवर बसले आणि म्हणाले, "एकही शब्द नाही समजला त्याले."